हाड जुळते, धीर मागून येतो

चेन्नई आणि मोटारसायकल यांचे नाते जुने आहे. एन्फिल्ड इंडिया ही कंपनी १९५५ साली येथे स्थापन झाली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातली बुलेट देशभर पोहोचली. याच शहरात आणखी एक पाटी वारंवार दृष्टीस पडते. ती म्हणजे 'पुत्तूर कट्टू'. आंध्रातील पुत्तूरच्या हाडवैदांची ही पट्टी बांधण्याची पद्धत आहे. फटफटी आणि पट्टी एकाच शहरात नांदतात, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

डांबरी रस्त्यावर गाडी स्वाराला वाहून नेते. आडवाटेवर स्वारालाच गाडी सांभाळावी लागते. तेथे तो बसत नाही, उभा राहतो. खडकाचे धक्के घोटे आणि गुडघे झेलतात. पुढचे चाक वाळूत भरकटू लागले, की मनगट आणि खांदा सावरून धरतात. म्हणून शहरात न जाणवणारी दुखापत रानात लगेच उघडी पडते.

मोडलेले हाड आपल्या गतीने जुळते. प्रथम मोडलेल्या जागी रक्त साकळते, मग मऊ सांधा धरतो, तो हळूहळू टणक होतो. मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात, नडगीला तीन महिने किंवा अधिकही. परंतु प्लास्टर निघाले म्हणजे सारे संपले असे नव्हे. मधल्या काळात स्नायू वाळलेले असतात, सांधे आखडलेले असतात. क्ष-किरणांच्या चित्रात हाड दिसते. गेलेली ताकद दिसत नाही. वैद्याची अनुमती मिळाल्यावरही जखमेच्या पायावर तोल राहतो का, क्लच पुनःपुन्हा दाबताना हात थकतो का, हे घरीच पाहावे. मग सपाट मातीची वाट, नंतर चढउतार. आणि सोबतीवाचून कधीच नाही.

केरळचे हरिथ नोआ हे चेन्नईत मुख्यालय असलेल्या टीव्हीएस कंपनीच्या पथकातले स्वार. २०२३ साली सौदी अरेबियातील डाकार स्पर्धेच्या प्रारंभीच ते पडले, पाठीला इजा झाली आणि स्पर्धा सोडावी लागली. पुढच्याच वर्षी, २०२४ साली, त्याच वाळवंटात त्यांनी 'रॅली २' हा गट जिंकला आणि एकंदर क्रमवारीत अकरावे स्थान मिळवले. विजयाचा दिवस साऱ्यांनी पाहिला. त्याआधीचे वर्ष मात्र शरीराला पुन्हा विश्वास शिकवण्यात जाते.

पडलेल्याच्या मनात भीती उरतेच. ती लपवण्यासाठी जो घाईने गाडीवर बसतो, तो पुन्हा पडण्याचा संभव अधिक. जो तिला ओळखून थांबतो, त्याला ती हळूच सोडून जाते. घरची माणसे विचारतात, "आता कशाला पुन्हा?" त्यांना हट्टाने उत्तर देता येत नाही. आठवड्यामागून आठवडे नियमाने केलेला व्यायाम, आणि अजून वेळ आली नाही असे स्वतःहून म्हणण्याची तयारी, हेच त्यांना पटणारे उत्तर आहे. वाट कोठे जात नाही; जाणाऱ्याने मात्र धडधाकट होऊन यावे लागते.