बी इथलंच हवं

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून निदान दहा जणांनी मला विचारलं, "तू नेमकं करतेस काय? बागा लावतेस?" तीस वर्षं झाली, माझ्या आईलाही ते नीट सांगता आलेलं नाही. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. इमारतीच्या भिंती संपतात तिथं आमचं काम सुरू होतं. पाणी कुठून वाहील, सावली कुठं पडेल, माणसं कुठं टेकतील, हे आम्ही ठरवतो.

या व्यवसायात स्त्रिया पहिल्यापासून आहेत, पण मोजक्या. १८९९ मध्ये अमेरिकेत या व्यवसायाची संस्था निघाली. तिच्या अकरा संस्थापकांत बिएट्रिक्स फॅरँड ही एकच स्त्री होती. मला मात्र आज दुसऱ्या एका बाईंबद्दल बोलायचं आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची ओळख झाली आणि ती आजवर सुटली नाही.

कॉर्नेलिया हान ओबरलँडर १९२१ मध्ये जर्मनीत जन्मल्या. आई बागकामाची जाणकार, मुलांसाठी बागकामाची पुस्तकं लिहिणारी. अकरा वर्षांची असताना एका चित्रकाराकडे टांगलेल्या चित्रातले हिरवे भाग पाहून कॉर्नेलियाने विचारलं, हे काय? बागा आहेत, असं उत्तर मिळालं. घरी येऊन तिने आईला सांगून टाकलं, मी मोठी झाले की बागा करणार. पुढे वडील हिमकडा कोसळून गेले. घर ज्यू, नाझींच्या छळामुळे १९३८ मध्ये आईबरोबर देश सोडावा लागला. इंग्लंडमार्गे अमेरिका गाठली. हार्वर्डमध्ये या विषयाचे दरवाजे मुलींसाठी नुकतेच उघडले होते. तिथून १९४७ मध्ये पदवी घेतली. लग्नानंतर त्या कॅनडात व्हँकूव्हरला स्थायिक झाल्या आणि नव्वदी ओलांडल्यावरही काम करत होत्या.

त्यांनी मुलांसाठी सत्तरहून अधिक खेळाची मैदानं आखली. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात त्यांनी केलेल्या मैदानात वाळू होती, पाणी होतं, ओंडके होते आणि एक होडी होती. मुलांना तयार खेळणी देण्यापेक्षा काहीतरी घडवायला द्यावं, हा त्यांचा विचार. आपण शाळेच्या मैदानात मातीचे किल्ले केले, ओहोळाला बांध घातले, तेव्हा आपल्याला कुणी हे शिकवलं नव्हतं!

पण मला शिकवून गेलं ते यलोनाइफचं काम. कॅनडाच्या थंडगार उत्तरेतल्या या गावी तळ्याकाठी विधिमंडळाची इमारत १९९३ मध्ये उभी राहिली. तिथली जमीन उथळ, उन्हाळा तोकडा. बाहेरून आणलेलं रोप तिथं तगणं अवघड. बाईंनी त्याच जागेवरच्या झाडाझुडपांचं बी गोळा केलं, व्हँकूव्हरला रोपं वाढवली आणि परत नेऊन लावली. आज तिथं मूळचं कुठलं आणि लावलेलं कुठलं, हे ओळखणं कठीण.

हे वाचूनही मी चूक केलीच. विदर्भातल्याच एका इमारतीपुढे मी मोठी हिरवळ आखली. फोटो छान आले. एप्रिलपर्यंत टँकरवर जगली, मे महिन्यात वाळून गेली. दोष उन्हाचा नव्हता, माझा होता. मी यवतमाळची मुलगी, मला ऊन ठाऊक नव्हतं का?

म्हणून आज थोडं कडू बोलते. आपल्या बॅचने जमवलेल्या निधीतून मैदानात पेव्हर ब्लॉक आणि दर्शनी भागात लॉन करायचं ठरतं आहे. हेतू चांगला आहे. पण आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते; वरचे ब्लॉक वरखाली होतात. पाणी मुरत नाही, आणि दुपारी त्यावर अनवाणी पोर उभं राहू शकत नाही. लॉनला पाणी कुठून आणणार, हे या जिल्ह्यात कुणाला विचारायची गरज नाही.

त्याऐवजी कडुनिंब, करंज, पळस, बहावा लावू या. बी विकत घ्यायला नको. जूनमध्ये निंबोळ्या पिकतील. त्या ताज्याच पेराव्या लागतात, ठेवल्या तर उगवत नाहीत. बहाव्याचं बी टणक, ते गरम पाण्यात भिजवावं लागतं. निधी लागेल तो कुंपणाला आणि पहिली तीन वर्षं पाणी घालणाऱ्या माणसाला. कामाचं रेखाटन मी करून देईन, मानधन नको.

समोर आमच्या विज्ञानाच्या बाई बसल्या आहेत. बाई, तुम्ही एकदा पळसाची शेंग माझ्या हातावर ठेवून म्हणाला होतात, फुंकून बघ. ती गिरक्या घेत मैदानापार गेली. माझं शिक्षण तिथं सुरू झालं.

कॉर्नेलियाबाई २०२१ मध्ये, शंभरी पूर्ण व्हायला महिनाही उरला नसताना, कोविडने गेल्या. त्यांच्या नावाने आता या क्षेत्रातला आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. आपल्याला पुरस्कार नको. पुढच्या मेळाव्याला आपण मांडवाखाली नाही, झाडाखाली बसावं, एवढंच मागते.