द्यूतनगरी आणि महाघळई



अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे वा मुलीकडे चार-सहा महिने राहावयास जाणे, ही गोष्ट आता मराठी कुटुंबांत नवलाची राहिलेली नाही. घर पुण्यात असो, इंदुरात असो, बडोद्यात असो की दिल्लीत, आप्तांपैकी कोणी ना कोणी त्या देशी जाऊन आलेले असतेच. अशा मुक्कामात मुलांच्या रजेचे चार-पाच दिवस हाती लागले, म्हणजे दोन नावे हमखास एका दमात उच्चारली जातात : लास वेगास आणि ग्रँड कॅनियन. एक जुगाराचे शहर, दुसरी निसर्गाने कोरलेली प्रचंड घळई. ही दोन्ही स्थळे एका फेरीत पाहता येतात, हे खरे. परंतु ती एकमेकांच्या शेजारी आहेत ही जी समजूत आहे, ती मात्र खरी नाही. या समजुतीपायी कित्येकांचे तीन दिवस दिव्यांच्या झगमगाटात सरतात आणि घळईच्या वाट्याला कशीबशी एक दुपार येते. हा योग बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच येणारा. तेव्हा त्याची आखणी कशी करावी, याचा आज आपण थोडा विचार करू.

आधी शहराविषयी. ‘लास वेगास’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘कुरणे’. नेवाडाच्या रखरखीत वाळवंटात येथे पाण्याचे झरे होते, आणि त्यांच्या आधाराने हिरवळ होती. म्हणून हे नाव. १९०५ च्या मे महिन्यात रेल्वे कंपनीने येथील जमिनीच्या तुकड्यांचा लिलाव केला आणि गाव वसले. पुढे १९३१ साली दोन घटना घडल्या. नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी, तेथून सुमारे ५० किलोमीटरवर, कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू झाले. धरणावरील मजुरांसाठी सरकारने बोल्डर सिटी नावाचे गाव वसविले. तेथे जुगाराला मज्जाव होता. साहजिकच पगाराच्या दिवशी मजुरांची पावले वेगासकडे वळत. आज ज्याला ‘स्ट्रिप’ म्हणतात, तो काही किलोमीटर लांबीचा राजमार्ग टोलेजंग हॉटेलांनी दुतर्फा भरलेला आहे. कोठे व्हेनिसचे कालवे, कोठे पॅरिसचा मनोरा, कोठे इजिप्तचा पिरॅमिड. सारे नकली, पण हौसेने उभारलेले. रात्री हा रस्ता पायी हिंडावा, कारंज्यांचा खेळ पाहावा, एखादा नाट्यप्रयोग वा कसरतीचा खेळ पाहावा. जुगाराला हातही न लावता हे सर्व करता येते.

आणि जुगाराचे काय? आपल्या परंपरेला हा विषय अपरिचित नाही. ऋग्वेदात जुगाऱ्याच्या दैन्याचे अक्षसूक्त आहे आणि महाभारताचा सारा अनर्थ द्यूतसभेतून उद्भवला आहे. परंतु हस्तिनापुरात शकुनीला कपट करावे लागले. वेगासमध्ये शकुनीची गरज नाही. तेथील काम अंकगणितच करते. रूलेट नावाचे जे फिरते चक्र असते, त्याच्या अमेरिकन प्रकारात ३८ खाचा असतात : १ ते ३६ हे आकडे, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. समजा, आपण प्रत्येक खाचेवर एकेक डॉलर लावला. लावलेले झाले ३८ डॉलर. गोळी कोठेतरी पडणारच. जिंकलेल्या आकड्यावर ३५ डॉलर मिळतात आणि आपला लावलेला एक परत येतो. म्हणजे हाती आले ३६. दोन डॉलर गेले. चक्र कितीही प्रामाणिकपणे फिरो, शंभर डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर मालकाकडे जावयाचे, हे ठरलेलेच आहे. एखादा भाग्यवान जिंकतो, नाही असे नाही. पण जो जितका अधिक वेळ बसतो, तितका तो या सरासरीच्या जवळ सरकतो. म्हणूनच ही दालने अशी रचलेली असतात की, तेथे भिंतीवर घड्याळ आणि बाहेर दाखविणारी खिडकी सहसा आढळत नाही. मौजेखातर खेळावयाचेच असेल, तर नाटकाच्या तिकिटाप्रमाणे एक रक्कम आधी बाजूला काढावी, ती संपली की उठावे, आणि उरलेले पाकीट खोलीतच ठेवावे. २१ वर्षांखालील व्यक्तीस खेळण्याची परवानगी नाही, हेही ध्यानात असावे. शिवाय हॉटेलचे भाडे ठरविताना केवळ खोलीच्या मूळ दरावर जाऊ नये. ‘रिसॉर्ट फी’ नावाची दररोजची एक आकारणी बहुधा त्यावर वेगळी पडते. शनिवार-रविवारी भाडी चढतात. सोमवार ते गुरुवार हाच काळ सोयीचा.

आता घळईकडे वळू. येथे पहिला प्रश्न असा की, कोणती ग्रँड कॅनियन? कारण ही घळई ४४६ किलोमीटर लांब आहे, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आहे आणि सुमारे दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. तिला पाहण्याचे काठ मुख्यतः तीन. पश्चिमेचा काठ वेगासहून सुमारे २०० किलोमीटरवर. हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग नव्हे. ती हुआलापाय या आदिवासी जमातीची भूमी आहे आणि तेथील प्रवेशशुल्क त्या जमातीकडे जाते. काठाबाहेर आलेला काचेचा अर्धवर्तुळाकार सज्जा २००७ पासून तेथे आहे. दक्षिणेचा काठ वेगासहून सुमारे ४५० किलोमीटर, म्हणजे मोटारीने साडेचार ते पाच तास. राष्ट्रीय उद्यानाचे मुख्य ठिकाण हेच, आणि ते बारा महिने खुले असते. तिसरा उत्तरेचा काठ सर्वांत उंच. तेथे हिवाळ्यात बर्फामुळे वाहतूक बंद असते, आणि २०२५ च्या जुलैत लागलेल्या वणव्यात तेथील जुने विश्रामगृह भस्मसात झाले. दक्षिण आणि उत्तर हे काठ समोरासमोर दिसतात. पक्ष्याला अंतर अवघे १६ किलोमीटर, पण मोटारीला सुमारे ३४० किलोमीटरांचा वळसा पडतो.

ज्याच्याजवळ एकच दिवस आहे, त्याने पश्चिमेचा काठ पाहून संध्याकाळी परतावे; त्यात कमीपणा नाही. परंतु ज्याला दोन रात्री काढता येतील, त्याने दक्षिणेचाच काठ निवडावा, आणि तेथे मुक्काम करावा. वेगासहून सकाळी निघून रात्री परत आणणाऱ्या बसगाड्या आहेत खऱ्या. पण त्यांत नऊ-दहा तास आसनावर जातात आणि काठावर भर दुपारी मोजके तास मिळतात. दुपारच्या उभ्या उन्हात ती घळई एखाद्या फिकट चित्रासारखी सपाट भासते. तिचे खरे रूप प्रकटते ते सूर्योदयी आणि सूर्यास्ती. किरणे तिरपी झाली की एकेक सुळका सावलीतून वेगळा होतो, तांबड्याचा जांभळा होतो, आणि मग कोठे डोळ्यांना खोली कळू लागते. या दोन घटकांसाठीच तेथे रात्र काढावयाची. उद्यानातील निवासस्थाने फार आधीपासून भरतात. कित्येक महिने अगोदर नोंदणी करणे इष्ट. ती न मिळाल्यास प्रवेशद्वाराबाहेरचे टुसायान, सुमारे तासाभराच्या वाटेवरील विल्यम्स, किंवा त्याहून थोडे दूरचे फ्लॅगस्टाफ येथे सोय पाहावी.

त्या काठावर उभे राहिल्यावर मराठी माणसाला एक अनपेक्षित ओळख भेटते. समोरच्या शिखरांची नावे विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशी आहेत! एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने या प्रदेशाचा अभ्यास केला आणि १८८२ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला हे सुळके पूर्वेकडील मंदिरांसारखे भासले आणि जगातील विविध धर्मांच्या देवतांची नावे देण्याची प्रथा त्याने पाडली. तळाशी जो काळसर खडक आहे, त्यालाही शास्त्रज्ञ ‘विष्णू’ याच नावाने ओळखतात. त्याचे वय सुमारे १७५ कोटी वर्षे. माथ्यावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा. आपला सह्याद्रीही थराथरांचा आहे. पण ते थर लाव्हारसाचे, आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे त्या घळईचा सर्वांत वरचा, सर्वांत तरुण थरदेखील आपल्या सह्याद्रीहून चौपट वयाचा आहे. खडक असे प्राचीन. त्यांना चिरणारी नदी मात्र त्यामानाने अर्वाचीन. कोलोरॅडोने ही घळई मुख्यतः गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत कोरली, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल याने होड्यांतून या प्रवाहाचा वेध घेतला. यादवी युद्धात त्याने एक हात गमावलेला होता. अर्थात, त्याच्या कितीतरी शतके आधीपासून हावासुपाय, होपी, नावाहो आदी लोकांची ही भूमी होती, आणि हावासुपायांचे एक गाव आजही घळईच्या पोटात नांदत आहे.

वयस्कर श्रोत्यांनी संकोच धरण्याचे कारण नाही. दक्षिण काठावर उद्यानाच्या मोफत बसगाड्या फिरतात आणि काठाकाठाने जाणारी वाट बऱ्याच ठिकाणी फरसबंद व सपाट आहे. तिच्यावर २०१० मध्ये ‘काळाची वाट’ आखण्यात आली : एक मीटर चालले की दहा लाख वर्षे मागे पडतात. या मापाने सह्याद्रीचा लाव्हा ६६ मीटरांवर येतो, आणि आपला पाच हजार वर्षांचा इतिहास अवघा पाच मिलिमीटरांत मावतो.

परंतु घळईत उतरण्याची हौस असणाऱ्या तरुणांना मात्र सावध केले पाहिजे. गडकोट हिंडणाऱ्या आपल्या पायांना एक सवय आहे : ताजेतवाने असताना चढावयाचे, थकल्यावर उतरावयाचे. येथे सारे उलटे आहे. उतार आधी, चढ नंतर. थंड सकाळी हसतखेळत माणूस तासभर खाली जातो. परतीच्या वेळी ऊन तापलेले असते आणि त्याच वाटेला दुप्पट वेळ लागतो. काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर, म्हणजे महाबळेश्वराहून पुष्कळ उंच. तेथे श्वास लवकर लागतो. उलट तळाशी उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतू नये, असे उद्यानाचे अधिकारी बजावतात. हा इशारा औपचारिक नाही. उष्म्याने तेथे माणसे दगावलेली आहेत, आणि त्यांत धडधाकट तरुणही होते. पाणी व खारट खाऊ जवळ असू द्यावा, आणि किती उतरलो यापेक्षा किती चढावयाचे आहे याचा हिशेब मनात ठेवावा.

आता पाच दिवसांची आखणी सांगतो. पहिला दिवस वेगासला पोचण्याचा; लांबच्या प्रवासानंतर लगेच मोटार हाकू नये. दुसऱ्या सकाळी निघून वाटेत हूवर धरण पाहावे. २२१ मीटर उंचीच्या या धरणाच्या उभारणीत ९६ कामगार कामी आल्याची अधिकृत नोंद आहे. सायंकाळपूर्वी दक्षिण काठ गाठावा. तिसरा दिवस पुरता घळईचा. चौथ्या दिवशी सूर्योदय पाहून परत फिरावे आणि ती रात्र व पाचवा दिवस शहराला द्यावा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, याचा विसर पडू नये. घड्याळाचीही एक गंमत आहे : उन्हाळ्यात नेवाडा आणि ॲरिझोना यांची वेळ एकच असते, हिवाळ्यात मात्र ॲरिझोना एक तास पुढे जाते. सूर्योदय गाठावयाचा असेल, तर हा तास महत्त्वाचा. आणि पैशांचा क्रम असा ठेवावा : आधी घळईवरील दोन रात्रींचे भाडे, मग वाहन, मग भोजन, आणि सर्वांत शेवटी, उरले तर, द्यूताची चैन. हा क्रम उलटला की प्रवासही उलटतो.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही दोन स्थळे वाटतात तितकी परकी नाहीत. त्यांना जोडणारी एक नदी आहे. ज्या कोलोरॅडोने घळई कोरली, तिलाच पुढे हूवर धरणाने अडविले आहे, आणि त्या धरणामागच्या मीड सरोवरातून लास वेगासला आपले बहुतांश पाणी मिळते. ती हॉटेले, शहराची बहुतेक तहान त्या एका प्रवाहाच्या भरवशावर आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात हे सरोवर प्रथम भरले त्यानंतरच्या सर्वांत खालच्या पातळीला गेले होते. त्याच्या कडांवर पाणी ओसरल्याची पांढरी रेघ स्पष्ट दिसते. धरणावर थांबाल, तेव्हा ती रेघ अवश्य पाहा. नशिबाचा खरा डाव त्या शहराने हिरव्या गालिच्याच्या मेजावर मांडलेला नाही. तो त्या पाण्यावर मांडलेला आहे.