तारीख चुकवू नका!

(वाहनचालक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)

आजचा विषय तसा रुक्ष आहे. परंतु आपल्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या दारात तो केव्हा तरी येऊन उभा राहतोच. विमा नसलेली गाडी चालविल्याबद्दल खटला झाला, कोर्टाची तारीख पडली आणि ती चुकली, तर पुढे काय होते?

प्रथम एका ट्रकचालक बांधवाची हकीकत सांगतो. तो मालकाच्या पगारावर काम करीत होता. परराज्यात गाडी अडविली गेली, तेव्हा विम्याची मुदत संपलेली निघाली. याला त्याची कल्पनाही नव्हती. जातमुचलका लिहून घेऊन त्याला सोडले आणि कोर्टाची तारीख दिली. त्याने मालकाला फोन केला. मालक म्हणाला, "तू गाडी सोडून कोर्टात कशाला जातोस? मी वकील लावतो." वकील लागला नाही, तारीख गेली. आठ महिन्यांनी पहाटे दोन पोलीस घरी आले. हातात वॉरंट होते. बायकामुलांसमोर, शेजाऱ्यांसमोर त्याला नेले. स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी जामीन दिला आणि मूळ कोर्टात हजर होण्यास सांगितले. दोन खेपा झाल्या, आठवडाभराचे खाडे झाले, प्रवासखर्च आणि वकिलाची फी वेगळी. शेवटी कंटाळून त्याने "गुन्हा कबूल" म्हटले आणि दंड भरून तो परत आला.

मित्रहो, यातील दुःखाची गोष्ट दंडाची नाही. तो बांधव कायद्याने कदाचित दोषीच नव्हता!

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 प्रमाणे त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो विमा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे. केवळ पगारी नोकर म्हणून गाडी चालविणाऱ्या माणसाला विमा नसल्याचे माहीत नसेल, किंवा तसे मानायला काही कारण नसेल, तर त्याने या कलमाचा भंग केला असे धरले जात नाही. चालकांसाठी ही मोठी ढाल आहे. पण ती उचलायला कोर्टात माणूस उभा पाहिजे. तारखेला जो नाही, त्याची बाजू कोण मांडणार?

आता शिक्षेचे पाहू. कलम 196 प्रमाणे पूर्वी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद होती. 2019 च्या दुरुस्तीने दंड दोन हजार रुपये झाला आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास चार हजार. कैदेची तरतूद कायम आहे. म्हणून "भरून टाकू दोन हजार आणि मोकळे होऊ" असे म्हणून कबुली देण्यापूर्वी विचार करा. ती कबुली तुमच्या नावावर राहते. शिवाय हे कलम गाडी चालविणाऱ्याइतकेच ती चालवू देणाऱ्यालाही, म्हणजे मालकालाही लागू आहे. मालकाची जबाबदारी आपण मुकाट्याने अंगावर घ्यायची नाही.

तारीख चुकली की पायऱ्या कशा चढत जातात ते नीट लक्षात घ्या. कोर्ट आधी समन्स काढते. हजर न राहिल्यास जामीनपात्र वॉरंट निघू शकते. त्यावर ठरावीक रकमेचा जामीन देऊन सुटता येते. तरीही गैरहजर राहिल्यास अजामीनपात्र वॉरंट. याचा अर्थ मूळ गुन्हा अजामीनपात्र झाला असे नव्हे, गुन्हा जामीनपात्रच राहतो. परंतु पोलीस आता तुम्हाला परस्पर सोडू शकत नाहीत, कोर्टापुढे नेतात. वॉरंट देशात कुठेही बजावता येते. इंदूरचे वॉरंट नाशकात येते, सुरतचे सोलापुरात. आणि ते जुने होऊन मरत नाही. कोर्ट रद्द करीपर्यंत किंवा बजावले जाईपर्यंत ते जिवंत असते.

जातमुचलका लिहून दिला असेल तर त्याची रक्कम जप्त होऊ शकते. त्याहून गंभीर बाब अशी की, जामिनावर किंवा मुचलक्यावर सुटलेला आरोपी पुरेशा कारणाशिवाय गैरहजर राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 प्रमाणे तो स्वतंत्र गुन्हा ठरतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. म्हणजे मूळ गुन्ह्याला तीन महिने आणि तारीख चुकविण्याला वर्ष! हा हिशेब प्रत्येकाने ध्यानात ठेवावा.

"वर्ष गेले की केस आपोआप बंद होते" असे स्टँडवर सांगणारे पुष्कळ भेटतील. एक वर्षाची मुदत आहे ती अशा गुन्ह्याची कोर्टाने दखल घेण्यासाठी. एकदा दखल घेतली की तुमच्या गैरहजेरीने केस संपत नाही.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, चलनावरचा किंवा समन्सवरचा केस क्रमांक, कोर्टाचे नाव आणि तारीख लिहून घ्या व युनियनच्या कार्यालयात नोंदवा. दुसरी, तारखेला जाणे अशक्य असेल तर तारखेच्या आधी वकिलामार्फत अर्ज द्या. जातीने हजर राहण्यातून सूट देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे. तिसरी, तारीख चुकलीच असेल तर पोलिसांची वाट पाहू नका. आपण होऊन त्याच कोर्टात जा, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या आणि कारणाचा पुरावा, मग तो दवाखान्याचा कागद असो की मालाच्या फेरीची बिल्टी, सोबत जोडा. स्वतःहून आलेला माणूस आणि धरून आणलेला माणूस यांत कोर्टही फरक करते. चौथी, वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक इत्यादींना मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाडी ताब्यात घेताना विम्याचा कागद मागा, मुदत वाचा. संपली असेल तर मालकाला लेखी कळवा आणि गाडी हलवू नका. कारण एकदा माहीत झाले की ती ढाल उरत नाही.

जे बांधव स्वतःच रिक्षा-टेंपोचे मालक आहेत त्यांनाही एक सांगणे आहे. हप्ता जड जातो, हे खरे. परंतु विम्याविना गाडीखाली कुणी सापडला, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई मालकाच्या अंगावर पडते. जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती वसूल होऊ शकते, त्यात गाडीही जाते आणि घरही. आणि तुमच्यापाशी काहीच नसेल तर त्या जखमी माणसाच्या पदरी काय पडणार? तोही बहुधा कुणी पायी कामावर निघालेला मजूरच असतो. त्याला वाऱ्यावर सोडून आपण कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलू शकत नाही.

तेव्हा मित्रहो, विमा चुकवू नका आणि तारीख तर मुळीच चुकवू नका. कोर्टाची पायरी चढण्याची भीती वाटते ती एकट्याला. शाखेत सांगा. आपल्यापैकी कुणी तरी बरोबर येईल.