पाणी ओसरल्यावरचं घर

मंडळी, मृगाला पंधरा-वीस दिवस उरलेत. या उन्हात मी पुरावर बोलायला उभा राहिलोय म्हणून काही जण गालात हसतायत. हसा. पण मेन स्विच जमिनीपासून किती उंचावर आहे, हे आजच बघून ठेवायचं असतं. पाणी घरात शिरल्यावर तिथवर जाताच येत नाही.

2025च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या रावणगाव, हसनाळला रात्रीतून पाण्यानं वेढलं, लष्कर बोलवावं लागलं. बातमी घाईत वाचून पाहुण्यांनी तुम्हालाही फोन केले असतील. मुखेड आणि आपलं मुदखेड, नावं जवळची आहेत, गावं दूर. पण तसं पाणी आपल्याकडेही येऊ शकतं.

आपल्या तालुक्यात पाणी दोन स्वभावांचं. गोदावरी सांगून येते. जायकवाडी, माजलगाव, येलदरी-सिद्धेश्वर इथून सोडलेलं पाणी विष्णुपुरीला येतं, दरवाजे उघडतात, मग नांदेड ओलांडून ते शंखतीर्थ, आमदुऱ्याकडे सरकतं. नांदेडच्या जुन्या पुलाजवळ इशारा पातळी 351 मीटर आणि धोक्याची 354. काठावरच्या प्रत्येक घरात हे दोन आकडे पाठ हवेत. 351 ऐकलं की जनावरं सोडायची, पोती अटाळ्यावर चढवायची, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून बरोबर घ्यायची. सीता नदी आणि गावोगावचे ओढे मात्र सांगत नाहीत. वर कुठंतरी ढगफुटीसारखा पाऊस झाला की मध्यरात्री पाणी उंबऱ्याशी. तिथं सामान वाचवत बसायचं नाही. मेन स्विच बंद करून म्हाताऱ्या-लेकरांना घेऊन उंचावर निघायचं. अंधारात ओढा ओलांडायचा नाही, ट्रॅक्टरवरूनसुद्धा नाही.

पुराबद्दल आपण बोलतो ते एवढंच. माझा मुद्दा त्यानंतरच्या आठवड्याचा आहे.

पाणी उतरतं, ऊन पडतं, माणसं घरात परततात, आणि तेव्हा भिंत बसते. आपल्याकडे अजून दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवर माळवद आहे. भिजलेल्या माळवदाचं ओझं वाढलेलं असतं आणि भिंतीचा पाया लोण्यासारखा झालेला असतो. 30 सप्टेंबर 1993ला किल्लारीनं असल्याच भिंतींखाली माणसं गाडली. दगडांना धरून ठेवणारी माती भूकंपात एका झटक्यात सुटली. पाणी तेच काम सावकाश करतं. त्यात आपली काळी जमीन भिजली की फुगते, वाळताना आकसते, म्हणून सिमेंटच्या घरालाही चौथऱ्यापासून भेगा जातात. परतल्यावर झाडू हातात घेण्याआधी गवंड्याला बोलवा. तो ओळंबा सोडेल. भिंतीला पोट सुटलं असेल, तळाचे पोपडे बोटानं निघत असतील, तर बाहेरून टेकू द्या आणि निजायला शाळेत जा. दारं-खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा. ओल्या भिंतीला लगेच गिलावा नको, आत कोंडलेली ओल नंतर तोच गिलावा फोडते. वायरमननं तपासल्याशिवाय मीटर सुरू नको. सरपणात आणि गोधड्यांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं ढोसा. मण्यार, घोणस अशाच जागी दडते. आडाचं पाणी उपसून, टीसीएल टाकून मगच प्या. बळदातलं भिजलेलं धान्य जीव तुटला तरी खाऊ नका. बुरशी धुतल्यानं जात नाही.

आता पंचनामा. आपत्ती निधीच्या 2022 ते 2026च्या निकषांत भरपाई कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500 रुपये होती. घर वाहून गेलं किंवा पूर्ण पडलं नसेल, तर ते दोन दिवसांहून जास्त पाण्यात असण्याची अट होती. राज्यानं ही अट काही वेळा शिथिल केली आहे, पण ती मुळातच मोठ्या नदीकाठी बसून लिहिल्यासारखी वाटते. ओढ्याचं पाणी रात्री येऊन सकाळी निघून जातं, जाताना चूल, पिठाचा डबा, लेकीची पुस्तकं घेऊन जातं. त्यानं दोन दिवस मुक्काम करावा कसा? अशी अट ओढ्याकाठच्या घरांना लावू नये, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेनं पावसाआधी करून तहसीलला द्यावा. आणि चिखल काढण्याआधी फोटो काढा, ज्यात दार आणि भिंतीवरची गाळाची रेघ दोन्ही दिसतील. तलाठी येईपर्यंत ती रेघ पुसू नका. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण हाक तलाठी म्हणूनच मारा, लवकर ओ देतात.