आत्याचे डबे

(महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण जमीन, घर, सातबारा यांबद्दल बोलतो आहोत. मी आता पलंगाखाली वाकून बघणार आहे. माझ्या आत्याच्या पलंगाखाली. तिथे स्टीलचे डबे आहेत. पोटमाळ्यावर आहेत, कपाटावर आहेत, एकात एक घातलेले आहेत, शिलाई मशीनच्या पायाशी गोणपाटात बांधलेलेही आहेत. गेल्या दिवाळीत भाचीने मोजले तर 214 नग भरले. घरात माणसं चार!

आत्याला ऐन तरुणपणी वैधव्य आलं. मूल नव्हतं. सासरच्यांनी 'थोडे दिवस माहेरी राहून ये' म्हणून पाठवलं. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत. गिरगावच्या चाळीत, भावाच्या दोन खोल्यांत ती राहिली. शिवणकामाचे पैसे घरखर्चात जात. तिच्या हाती उरत जुने कपडे, आणि दुपारी दारावर येणारी बोहारीण.

ती घासाघीस ऐकण्यासारखी असे. बोहारीण साडी उजेडात धरून विरलेली जागा दाखवणार, आत्या जरीच्या काठावर बोट ठेवणार. 'दोन साड्या आणि पँट, त्यावर नुसता गंज? झाकण टाक.' बोहारीण टोपली उचलून जिन्यापर्यंत जाई आणि परत येई. तासभर हे चाले. त्या तासात आत्या कोणाला विचारत नसे. घरात एरवी तिला चहात साखर किती हेसुद्धा कोणी विचारलेलं मला आठवत नाही.

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. तुमच्या घरची आठवून बघा. बहुतेकींच्या भांड्यांवर नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचं नाव असेल. घासायची बाईने, नाव बुवाचं. आत्याच्या प्रत्येक डब्यावर तिचं नाव आहे. नुसतं पहिलं नाव; ना माहेरचं आडनाव, ना सासरचं.

घरात याला 'आत्याचं वेड' म्हणतात. वेड म्हणायला माझी हरकत आहे, पण पसारा आहे हे खरं. डबे पुसते माझी वहिनी. एकीच्या मालकीचं ओझं दुसरीच्या कमरेवर येतं, तेही आपण बोललं पाहिजे. वहिनी चिडते ते मला पटतं.

आता कायद्याचं. जुने कपडे भावाच्या घरचे, घासाघीस आत्याची. मग डबा कोणाचा? हिंदू वारसा कायदा 1956 चा. त्याच्या कलम 14 प्रमाणे बाईला भेट म्हणून मिळालेली, तिने विकत घेतलेली किंवा स्वतःच्या कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिचीच असते. त्यात भांडीकुंडीही आली. (बौद्ध, जैन, शीख बायांनाही हाच कायदा लागू आहे, मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी बायांचे वेगळे आहेत.) म्हणजे डबे आत्याचे.

पण तिच्या पश्चात? इथे कलम 15 येतं. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वकष्टाच्या मिळकतीवर आधी हक्क नवऱ्याच्या वारसांचा. तिचे आईवडीलसुद्धा त्यांच्या मागे. नारायणी देवींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी हाकललं. माहेरच्यांनी शिकवलं, त्यांनी नोकरी केली, पैसा साठवला. 2009 साली न्यायालयाने तो पैसा नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिला. कायद्याचे शब्द तसेच आहेत, सहानुभूतीने ते बदलत नाहीत, असं न्यायालयाचं म्हणणं.

मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती शिवण ठेवून उठली आणि म्हणाली, 'त्यांच्याकडे? एक चमचासुद्धा नाही.'

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर लिहावं, दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करावा आणि त्या दोघांनी आपापली सही करावी. नोंदवलं तर पुढचे वाद कमी होतात, एवढंच. यादी मोठी असो की चार पातेल्यांची, लिहा. शिवणाच्या मशीनचा, पोस्टातल्या खात्याचा उल्लेख विसरू नका.

आत्याचं काम अजून चालू आहे. एकेक डबा हातात घेऊन ती नाव सांगते, भाची लिहून घेते. वहिनीच्या नावावर आतापर्यंत 40 झाले. 'मला नकोत' असं ती रोज म्हणते. हल्ली बोहारीण क्वचितच येते, पण गेल्या महिन्यात आली होती. यादी आता 215 ची आहे.