कान आधी, जीभ मागून

मूल बोलू लागले की घरात कौतुक होते ते त्याच्या जिभेचे. परंतु पहिला 'बाबा' उमटण्यापूर्वी जवळजवळ वर्षभर त्याच्या कानाने जे काम केलेले असते, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ध्वनिसंपादन, म्हणजे भाषेतील ध्वनी ओळखण्याची व उच्चारण्याची शक्ती अंगी येणे, ही क्रिया कानापासून सुरू होते आणि आजच्या भाषणाचा सारा भर या एकाच गोष्टीवर आहे.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या कॅनडातील संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हिंदीतील 'त' आणि 'ट' हे ध्वनी घेतले होते. 'त' दंत्य आहे, म्हणजे तो उच्चारताना जीभ दातांना टेकते, तर 'ट' मूर्धन्य आहे, म्हणजे त्यासाठी जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते. मराठी माणसाला 'ताक' आणि 'टाक' यांत घोटाळा होत नाही तो याच भेदामुळे. आईच्या मांडीवर बसलेल्या बाळाला एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवले जाई आणि ते बदलले की बाजूच्या पेटीतले खेळणे उजळून हालू लागे, त्यामुळे ज्या बाळाला बदल कळला ते खेळणे हालण्याआधीच मान वळवी. सहा ते आठ महिन्यांची, इंग्रजी घरांतील बहुतेक बाळे मान वळवीत होती. वर्षाच्या आसपास पोचलेली मात्र क्वचितच वळवीत, आणि त्याच वयाच्या हिंदी घरांतील बाळांना हा भेद बिनचूक कळत होता. यांतले एकही बाळ अजून धड बोलत नव्हते, तरी कानाची निवड होऊन गेली होती.

कोमट दुधाला विरजण लावावे तसे हे आहे. नवजात बाळाचा कान कोणत्याही भाषेचे विरजण घेण्यास तयार असतो, पण घरात जी भाषा बोलली जाते तिचेच दही लागते. दूध निवल्यावर विरजण लावले तर दही लागतच नाही असे नाही, पण वेळ लागतो आणि ते तितके घट्ट होत नाही. दही लागत असताना भांडे सारखे हलवून पाहू नये, हेही येथे तितकेच लागू पडते.

ध्वनींचा क्रम सर्व भाषांत सारखा असतो काय, हा जुना वाद आहे. रोमान याकोबसन यांनी १९४१ मध्ये असे मांडले की प, ब, म यांसारखे ओठांनी उच्चारले जाणारे ध्वनी सर्वत्र आधी येतात आणि 'च'सारखे स्पर्शसंघर्षी ध्वनी, ज्यांत हवा आधी अडते व मग घासत बाहेर पडते, ते उशिरा येतात. याला पुष्कळ आधार आहे. मात्र ग्वातेमालातील किचे या माया कुळातील भाषेच्या मुलांत 'च' आणि 'ल' आरंभीच्या ध्वनींत सापडतात, तर इंग्रजी मुलांत ते तुलनेने उशिरा स्थिरावतात. अभ्यासकांनी कारण दिले ते असे की, किचेत मुलांच्या रोजच्या शब्दांत या ध्वनींवर फार काम पडते. म्हणजे जिभेची अडचण खरी असली तरी कानावर वारंवार काय पडते, याला मोठे वजन आहे. दोन भाषांच्या घरांतील, विशेषतः परदेशी वाढणाऱ्या मराठी मुलांचा प्रश्न येथे उपस्थित होतो, परंतु तो आजच्या वेळेत बसणारा नाही.

घरोघरी होणाऱ्या एका चुकीविषयी मात्र बोलले पाहिजे. मूल 'काका'ऐवजी 'ताता' म्हणते तेव्हा त्याला फरक कळत नाही असे समजून वडीलधारी माणसेही 'ताता' म्हणू लागतात, किंवा उलट त्याला दहादा म्हणावयास लावून हिरमुसले करतात. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये नोंदवलेला इंग्रजी मुलगा 'फिश'ला 'फिस' म्हणे, पण मोठ्या माणसाने 'फिस' म्हटले की ते नाकारी आणि 'फिश' म्हटल्यावरच होकार देई. कान तयार होता, जीभ मागे होती. म्हणून मुलाशी शुद्ध, स्पष्ट आणि प्रेमाने बोलावे. 'र' व 'ळ' पक्के होण्यास वेळ लागतो, तो द्यावा.

हे बोलणे समोरासमोर हवे. पॅट्रिशिया कूल यांनी सिअ‍ॅटल येथे नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, तेव्हा प्रत्यक्ष माणसाकडून ऐकणारी बाळे तिच्यातील ध्वनी शिकली, पडद्यावरून तेच ऐकणारी शिकली नाहीत. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळापुढे मोबाइल ठेवून ते 'भाषा शिकते आहे' असे मानणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

शेवटची गोष्ट सर्वांत निकडीची. जन्मतः ऐकू न येणारे बाळही आरंभी हुंकार देते, त्यामुळे घरच्यांची फसगत होते. दहा-अकरा महिन्यांपर्यंत 'बाबाबा', 'दादादा' अशी स्पष्ट बडबड आली नाही, तर 'आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात' असे म्हणून थांबू नये. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात बाळाची श्रवणचाचणी त्याच महिन्यात करून घ्यावी.