डोंगरांतून खुशाली



आपल्या जामनेरच्या दक्षिणेस अजिंठ्याची रांग आहे आणि उत्तरेस, तापी ओलांडून गेलें कीं, सातपुडा. सुटीच्या दिवशीं पाठीवर पिशवी टाकून या डोंगरांत पायीं हिंडण्याची हौस सुशिक्षित कुटुंबांत आतां चांगलीच रुजली आहे. हौस उत्तमच आहे. परंतु डोंगरांत एक जण जातो आणि घरीं चार जण वाट पाहतात. त्या वाट पाहणाऱ्यांच्या वतीनें आज थोडें बोलावयाचें आहे.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत गेले, तों बंडाच्या धामधुमींत आणि पुढें झांशीच्या वेढ्यांत सांपडले. ते परत येईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या काळीं प्रवासी माणूस हयात आहे कीं नाहीं, हें कळण्याची धड सोय नव्हती. पुढें १८७९ सालीं पोस्टकार्ड निघालें आणि खुशाली स्वस्त झाली. तार आली, ती २०१३ च्या जुलै महिन्यांत बंदहि झाली. आज ज्याच्या त्याच्या खिशांत मोबाईल आहे. सोय वाढली, पण तिच्याबरोबर धीर मात्र आटला. ज्या घरानें एके काळीं पत्रासाठीं महिनाभर कळ काढली असती, तेंच घर आज दोन तास उत्तर आलें नाहीं तर कासावीस होतें.

आणि डोंगरांत उत्तर न येणें हेंच स्वाभाविक आहे. मोबाईलच्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. मनोरा व आपण यांच्यामध्यें डोंगराची सोंड आली कीं रेंज गेली. म्हणून माथ्यावर फोन लागतो आणि घळईंत उतरतांच मुका होतो. शिवाय मनोरा शोधण्याच्या खटाटोपांत त्याची बॅटरीहि भराभर संपते. तेव्हां मुक्या फोनचा अर्थ घरच्यांनीं काय घ्यावा? मुलगा निवांत चालत आहे कीं पाय मोडून पडला आहे? मौन दोहोंचें सारखेंच. या मौनाचा अर्थ निघण्यापूर्वींच ठरवून ठेवावा, एवढेंच माझें आजचें सांगणें आहे.

तो कसा ठरवावा? प्रथम, जागा नेमकी सांगावी. “अजिंठ्यास जातों” हें सांगणें अपुरें आहे. अजिंठा गांव घाटावर आहे, फर्दापूर पायथ्याशीं आहे, आणि लेणीं वाघूर नदीच्या घळईंत आहेत. एकाच नांवाखालीं शोध घेणारांस तीन दिशा उरतात. म्हणून कोणत्या गांवाहून चढणार, कोठें उतरणार, बरोबर कोण आहे, हें कागदावर लिहून घरीं ठेवावें.

दुसरें, दोन वेळा ठरवाव्या. खुशाली अमुक वाजेपर्यंत येईल, ही एक. तोंवर न आल्यास अमुक वाजतां शोधास आरंभ करावा, ही दुसरी. दोन वेळांत चांगलें अंतर असावें. नाहीं तर घरच्यांना धीर देण्याच्या घाईनें माणूस अंधारांत घसरणीची वाट उतरूं लागतो, आणि ज्या काळजीपोटीं वेळ ठरविली, तीच खरी होते.

तिसरें, घरांतील एकच व्यक्ति या कामास नेमावी. दहा नातलगांनीं दहा वेळां फोन करून पाहण्यापेक्षां एकानें कागद हातीं घेऊन बसणें बरें. पहिली वेळ टळल्यावर घाबरूं नये. दुसरी टळल्यावर मात्र संकोच करूं नये. पोलिसांस ११२ या क्रमांकावर कळवावें आणि तो कागद वाचून दाखवावा. आपल्या राज्यांत गिर्यारोहकांचीं बचाव पथकेंहि आहेत. शोध कोठून सुरू करावा हें त्यांस त्याच कागदावरून कळतें.

चालणारानेंहि कांहीं पथ्यें पाळावींत. पायथ्याच्या गांवीं कोणास तरी सांगून जावें. रानाची वाट, ओढ्याचा पूर आणि त्या दिवसाचें हवामान त्या माणसास आपल्याहून अधिक कळतें, आणि वेळ आल्यास मदतीस पहिला तोच धांवतो. फोन फ्लाइट मोडवर ठेवून बॅटरी राखावी आणि माथ्यावर पोहोंचल्यावर तो उघडावा. बोलणें होत नसेल तेथेंहि लहानसा लेखी संदेश पुष्कळदां निसटून जातो. त्यांत दृश्यांचें वर्णन नको; ठिकाण, वेळ आणि पुढची वाट, एवढेंच असावें. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीचा मनोरा आवाक्यांत असल्यास ११२ क्रमांक लागण्याचा संभव असतो. उपग्रहावरून बोलणारा फोन मात्र परदेशांतून आणून बरोबर घेऊं नये. आपल्या देशांत तो परवानगीवांचून बाळगणें हा गुन्हा आहे.

कोणी म्हणेल, एवढा हिशेब द्यावयाचा तर रानांत जाण्याचें स्वातंत्र्य तें काय राहिलें? मला उलट वाटतें. ज्यानें घरीं कागद ठेवला आहे, त्याला दर वळणावर खिशांतील फोन चांचपावा लागत नाहीं. तो निश्चिंतपणें पक्ष्यांचे आवाज ऐकूं शकतो. आणि घरीं बसलेल्या आईलाहि ठाऊक असतें कीं, सात वाजेपर्यंतचें मौन हें काळजीचें नव्हे. तोंवर तिनें निर्धास्तपणें स्वयंपाकाला लागावें, आणि येणाऱ्याचेंहि पान मांडावें.